हंड्यातलं आभाळ

मी एक तांब्याचा हंडा. आलुबुखाराची राकिया गाळण्यासाठी मला घडवायला घेतलं होतं, पण आजवर माझ्यात दारूचा एक थेंबही पडलेला नाही. माझ्या पोटात माणसं डोकं घालतात, हात वर करून चाचपत बसतात आणि बाहेर येताना बहुतेक जण हसत असतात. भट्टीवर चढलो असतो तर याहून मोठं सुख मिळालं असतं असं मला वाटत नाही.

माझा जन्म बाकारेवोचा. स्तारा प्लानिना डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर हे गाव आहे. एके काळी तिथल्या तांबट गल्लीत इतके हातोडे पडायचे की बायकांना पोरांना हाका मारायच्या तर घसा बसायचा. मी आलो तेव्हा त्या गल्लीत एकच तांबट उरला होता. त्याचं नाव कान्चो.

कान्चो बुटका, रुंद खांद्यांचा. हातोड्याने त्याचे कान जरा अधू केले होते, म्हणून तो साधं बोलला तरी भांडतोय असं वाटे. तांबं मारलं की कडक होतं आणि तापवलं की पुन्हा मऊ पडतं. मला किती वेळा तापवलं नि किती वेळा ठोकलं ते मी मोजलं नाही. ठोके एका लयीत पडत आणि मध्येच थांबत. थांबले की समजावं, नेदा आली.

नेदा त्याची बायको. उंच, सडपातळ, धनगराची लेक. लहानपणी तिचे उन्हाळे वरच्या कुरणांवर, मेंढ्यांच्या वाड्यात गेले होते. तिच्या बापाकडे घड्याळ नव्हतं. रात्रीची राखण ताऱ्यांवर चाले. खुडूक कोंबडी डोंगरावर आली की थोरल्या भावाला उठवायचं, नांगर उगवला की दूध काढायला बसायचं. तुमच्या कृत्तिका म्हणजे त्यांची पिलांसकट खुडूक कोंबडी, तुमचं मृग म्हणजे त्यांचा नांगर, सप्तर्षी म्हणजे गाडा आणि हंस म्हणजे मोठा क्रूस. आकाशगंगेला ते धर्मबापाचा पेंढा म्हणतात. कुणी एकाने म्हणे आपल्याच धर्मबापाच्या खळ्यावरचा पेंढा चोरला आणि पोतं फाटकं निघालं. वाटभर पेंढा सांडला, चोरी साऱ्या जगाला दिसली, अजून दिसते.

हे सगळं नेदाला तोंडपाठ होतं. कान्चोला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या लेखी आभाळ म्हणजे जिथून पाऊस पडतो ती जागा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नेदा अंगणात मान वर करून उभी राहिली की हा विचारी, "काय गं, छप्पर गळतंय का?"

मी अर्धामुर्धा घडलो होतो तेव्हाची गोष्ट. नेदा संध्याकाळी अडखळायला लागली. कधी उंबऱ्याला ठेच लागे, कधी पाण्याची बादली लाथाडली जाई. ती दोष द्यायची चपलांना. मग एकदा ती दोघं अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली भाजलेल्या मिरच्या आणि चीज घेऊन जेवायला बसली होती. कारखान्याचं दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. नेदाने वर पाहिलं आणि विचारलं, "आज ढग आलेत का रे?"

"कुठले ढग? लख्ख आहे."

 कान्चोने घास तोंडात घातला आणि मग तो हळूहळू चावायचा थांबला. हाच प्रश्न तिने काल विचारला होता. परवाही विचारला होता.

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की या दुखण्यात आधी रात्रीची नजर जाते. मग दिवसाची नजरही कडेकडेने मिटत येते, नळीतून पाहावं तशी. औषध नाही. कान्चो डॉक्टरांवर एवढ्या मोठ्याने ओरडला की बाहेरची माणसं आत डोकावली. नंतर त्याने माफीही मागितली, तीही ओरडूनच.

त्यानंतर नेदाने अंगणात बसणं सोडलं. उन्हं कलली की ती आत जाई आणि पडदा ओढून घेई. शेजारणी हाक मारत, तर डोकं दुखतंय म्हणून सांगे. कान्चोची थोरली बहीण मिन्का समोरच्याच घरात एकटी राहायची. जिभेची तिखट, पण पहिला गरम पाव भावजयीकडे पोचवणारी. तिने एकदा दारात उभं राहून विचारलं, "डोळे चाललेत म्हणे तुझे. जीभही त्यांच्याबरोबर गेली का?" नेदाने तिलाही उत्तर दिलं नाही. मिन्काला उत्तर न देणारं माणूस खरंच आजारी असतं, हे गल्लीला ठाऊक होतं.

कान्चो आपल्या परीने धडपडत होता. विहिरीपासून घरापर्यंत दोरी बांधतो, पायऱ्यांच्या कडांना पितळी पट्ट्या मारतो, चुलीला कठडा करतो, असं काय काय तो तिला सांगत होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"घराची काळजी करू नकोस, कान्चो. घर माझ्या हाताला पाठ आहे. पण ते वरचं मी जन्मभर डोळ्यांनीच धरून ठेवलं होतं. तिथे हात पोचत नाही."

 कान्चो कारखान्यात आला, दिवा लावला आणि मला ठोकायला बसला, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. तांबटाचे डोळे त्याला फसवतात, तळहात फसवत नाही. आतला उंचसखलपणा तपासायला त्याने माझ्यात डोकं नि खांदे घातले आणि आतल्या अंगावरून हात फिरवायला सुरुवात केली. वर, कडेला, चोहोबाजूंनी. मग तो हात एका जागी थांबला. बराच वेळ तो तसाच माझ्या पोटात राहिला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

मग माझ्या पोटातच तो मोठ्यांदा म्हणाला, "पोचेल."

आता अडचण अशी की मी ग्रूद्योचा होतो. शेजारच्या गावात ग्रूद्योची भट्टी होती आणि आलुबुखाराच्या हंगामाला त्याला नवा हंडा हवा होता. हा हंडा मी देत नाही, दुसरा करून देतो, असं कान्चोने त्याला सांगितलं तेव्हा ग्रूद्यो तोंडाचा आ वासून पाहतच राहिला.

"आणि राकिया कशात गाळू? तुझ्या टोपीत?"

कान्चोने त्याला कारण सांगितलं. हळू आवाजात सांगायचा प्रयत्न केला, म्हणजे फक्त अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं. ग्रूद्यो माझ्याभोवती एक फेरी मारून आला. मला टिचकी मारून पाहिली. शेवटी म्हणाला, "फळं पिकायच्या आत दुसरा दे. ह्याच्यावर ठोक तुला काय ठोकायचं ते. पण उद्या आभाळ गळायला लागलं तर डाख मारायला मला बोलवू नकोस."

कान्चोने मला लोखंडी चौकटीवर उलटा बसवला. तोंड खाली, बूड वर आणि तेही तिरपं, उत्तरेकडे कललेलं. बुडाच्या मधोमध भोक पाडून त्यात दांडा घातला, म्हणजे मला त्या दांड्याभोवती फिरवता येईल. दांड्याची जागा ध्रुवाची. खाली एक तिवई ठेवली. तिच्यावर बसून डोकं आत घातलं की चहूबाजूंनी मीच.

नेदाने साफ सांगितलं, "मला खेळणं नकोय."

कान्चो हट्टाला पेटला. त्याने एका जुन्या पंचांगातलं चित्र पाहून स्वतःच गाडा ठोकला, तांब्याच्या खिळ्यांची सात डोकी. मग तिला हाताला धरून, जवळजवळ ओढतच, माझ्याखाली आणून बसवलं. तिने नाइलाजाने बोटं वर नेली. चाचपली. पुन्हा चाचपली.

"हा गाडा?"

"गाडाच आहे."

"ह्याचे बैल मागच्या बाजूला जुंपलेत. हा गाडा जाणार कुठे, कान्चो?"

झालं होतं असं, की त्याने चित्र बाहेरून धरलं आणि आत सगळं उलटं उमटलं. कान्चो स्वतःला शिव्या देत खिळे उपसायला लागला. नेदा तिवईवरून उठली, दाराची चौकट चाचपत बाहेर गेली आणि तिथून तिने हाक मारली, "अरे, चित्र काय बघतोस? इकडे ये. अंगणात चल."

कितीतरी दिवसांनी ती सूर्य मावळल्यावर घराबाहेर पडली होती.

त्या संध्याकाळपासून कान्चोची शाळा सुरू झाली. नेदा त्याच्या मागे उभी राही, त्याचं कोपर धरी आणि हात सरळ करायला लावी. हात लांब करून मूठ धरली की आभाळातलं एक माप. बोटं ताणून वीत केली की त्याहून मोठं माप. धनगरांची पोरं असंच मोजतात. नेदाला दिसत काहीच नव्हतं, पण कुठल्या ताऱ्यापासून कुठला तारा किती मुठींवर हे तिच्या खांद्यांना आठवत होतं.

"गाडा सापडला का?"

"एक गाडा दिसतोय, पण तो मिन्काच्या दारात उभा आहे."

"कान्चो, वर बघ."

वर बघून बघून त्याची मान आखडली. पहिल्या दिवसांत त्याला सगळे तारे सारखेच वाटत, सांडलेल्या मोहरीसारखे. मग एकदा गाडा सापडला, आणि सापडला तो पुन्हा हरवला नाही. गाड्याच्या मागच्या दोन चाकांवरून ध्रुव सापडला. त्यानंतर मात्र तो आपणहून विचारायला लागला, हा कोण, तो कोण, याच्या शेजारचा तो मिणमिणता कोण. जे मापलं ते आत येऊन माझ्यावर दोरीने आखायचं, आधी आतून बोटाने तपासायचं आणि मगच ठोकायचं. ठळक ताऱ्याला वाटाण्याएवढं डोकं, मंद ताऱ्याला मोहरीएवढं. धर्मबापाच्या पेंढ्यासाठी त्याने बारीक टोच्याने माझ्या पोटाला एक पट्टाच्या पट्टा खरबरीत करून टाकला. बोट फिरवलं की वाळू लागते तसं वाटतं.

एकदा तो धावत आत आला. दक्षिणेला खाली, टेकडीला टेकून, एक लाल तारा दिसला होता.

"लाल आहे? नक्की?" नेदाने विचारलं.

"डाळिंबाच्या दाण्यासारखा."

"मग ते विंचवाचं काळीज. उन्हाळ्यात तिथेच असतं. ठोक."

कान्चोने माझ्या काठाजवळ मोठा खिळा ठोकला. झोपायच्या आधी तो पुन्हा बाहेर गेला आणि फार वेळ आलाच नाही. परतला तेव्हा चेहरा पडला होता. गाडा सरकला होता, बाकी सगळे सरकले होते, आणि विंचवाचं काळीज जागचं हललं नव्हतं. टेकडीवरच्या टीव्हीच्या मनोऱ्याचा तो दिवा होता.

 नेदाच्या पोटातून हसू आलं. ती हसत हसत माझ्या चौकटीला धरून खाली बसली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तिला हसताना पाहून कान्चोही हसायला लागला. समोरून मिन्काने खिडकी उघडून विचारलं की घरात कोणी मेलंय की जन्मलंय. खरं काळीज पुढच्या आठवड्यात सापडलं. तो मनोऱ्याचा खिळा मात्र नेदाने काढू दिला नाही. अजूनही आहे.

मधल्या दिवसांत ग्रूद्योचा दुसरा हंडा तयार झाला, भट्टीवर चढला. आभाळ फिरत राहिलं. हिवाळ्यात नांगर वर आला तेव्हा कान्चोच्या मिशांवर दहिवर गोठायचं. तो आत येऊन हात चुलीवर शेकायचा आणि हातोडी उचलायचा. तारे ठोकायचे तर दिवसा ठोक, रात्री माणसं झोपतात, असं मिन्काने एकदा नाही, अनेकदा बजावलं. वसंतापर्यंत नेदाची दिवसाची नजरही जवळजवळ गेली होती. नाण्याएवढा उजेड तेवढा उरला होता. पण त्या वर्षात तिला डोळ्यांचा शोक करायला फारशी सवड मिळाली नाही. सारखं कुठे ना कुठे कान्चोचं चुकत होतं.

मी पुरा झालो त्या दिवशी मिन्का मुद्दाम पाहायला आली. नेदा माझ्याखाली बसलेली, खांद्यापासून वर हंडा. मिन्का म्हणाली, "लोक आंधळ्या बायकोला काठी आणून देतात. माझ्या भावाने केस वाळवायचं यंत्र आणलं." नेदाने आतूनच उत्तर दिलं, "वन्सं, तुमच्या डोक्यावर उरलेत तेवढ्या केसांना हे फार मोठं होईल." भावजयीने फटकारलं म्हणून मिन्काचे डोळे भरून आले, हे कान्चोला दिसलं नाही. मला दिसलं.

नेदा त्या दिवशी उठेचना. दोन्ही हातांनी तिने सगळं आभाळ पालथं घातलं. गाडा, ध्रुव, क्रूस, नांगर. प्रत्येकाचं नाव ती हळू आवाजात घेई आणि पुढे सरके. कोंबडीपाशी तिची बोटं फार वेळ थांबली. चुलीवरची चोर्बा, म्हणजे आमचा रस्सा, थंड झाली. कान्चो दारात उभा राहून हातातलं फडकं पिळत होता.

"एक चुकलंय," ती शेवटी म्हणाली.

"कुठे?"

"विंचवाची शेपटी जरा आखूड आहे. बाकी सगळं आहे."

कान्चोने फडकं खाली ठेवलं आणि चोर्बा पुन्हा तापत ठेवली.

त्यानंतर ती रोज अंगणात बसायला लागली. पण फाटकाबाहेर पाऊल टाकायची नाही. आणि मग रादोस्तिना आली. जिल्ह्याच्या वेधशाळेत ती काम करायची. ताऱ्यांची जुनी धनगरी नावं विचारत गावोगाव फिरत होती, तिला कुणीतरी आमचं घर दाखवलं. ती माझ्याखाली बसली आणि समोर आणून ठेवलेला चहा विसरली. बाहेर आल्यावर तिने नेदाचे दोन्ही हात धरले. ऑगस्टमध्ये मरियामातेची जत्रा भरते तेव्हा वरच्या माळावर ती दुर्बीण लावणार होती. आभाळ ओळखायला लोकांना नेदाने शिकवावं, अशी तिची फार इच्छा होती.

नेदा नको म्हणाली. इथे चुकले तर कान्चो हसेल, तिथे सारं गाव हसेल.

पाव द्यायला आलेली मिन्का दारातच थबकली. "गाव तसंही हसतंच आहे, बाई. तांबटाने बायकोला हंडा पांघरला म्हणून. चार माणसांत जाऊन उभी तरी राहा, म्हणजे कशाला हसायचं ते त्यांना नीट ठरवता येईल."

जत्रेच्या दिवशी मला बैलगाडीतून वर नेलं. माझ्या मागे नेदा बसली होती, कोरा रुमाल बांधून. माळावर मेंढ्यांच्या मटणाच्या मोठमोठ्या कढया उकळत होत्या, झांजा-बासऱ्या वाजत होत्या. माझे सख्खे भाऊबंदच ते, त्या कढया. कान्चोने उजेड असतानाच डोंगराच्या कण्यावरून उत्तर धरली आणि माझं बूड तिकडे कलतं ठेवून मला पक्कं रोवलं.

सूर्य बुडाला, आणि खोऱ्यातून ढग चढले.

बघता बघता आभाळ झाकलं. रादोस्तिनाची दुर्बीण फडक्याखाली गेली. सरपंचाने दिवे मालवले होते, आता पुन्हा लावावेत का म्हणून तो विचारायला लागला. मागे कुणीतरी म्हणालं, चला, आभाळ हंड्यातच राहिलं. लोक हसले.  कान्चोने नेदाच्या कानाशी जाऊन विचारलं, घरी जाऊ या का?

"कुठे फट पडलीय का ते बघ," नेदा म्हणाली.

त्याने वर पाहिलं. ढगांना अगदी डोक्यावर एक भोक पडलं होतं.

"एकच तारा आहे. ठसठशीत. पांढरा, जरा निळसर."

"कुठे?"

"टाळूवर."

तुम्ही ज्याला अभिजित म्हणता तो तारा हा. नेदा माझ्याखाली बसली, तिने तो खिळा शोधला आणि त्याच्यावर बोट ठेवलं. "फिरव." कान्चो मला दांड्याभोवती हळूहळू फिरवू लागला. बोट तिच्या डोक्यावर आलं तशी ती म्हणाली, "बास." आता माझ्या आतलं आभाळ आणि ढगांवरचं आभाळ एकाच जागी होतं.

तिने उजवा हात माझ्यात ठेवला आणि डावा बाहेर काढून पूर्वेकडे उचलला. रादोस्तिनाने तिच्या तोंडाशी माइक धरला.

"त्या ताऱ्यापासून इकडे एक वीत मोजा. तिथे मोठा क्रूस आहे."

लोकांनी पाहिलं. तिथे काळ्याकुट्ट ढगाशिवाय काही नव्हतं. एका म्हातारीने कळवळून सांगितलं, "नेदा, पोरी, तिथे ढग आहे गं."

"असू दे, मावशी. तो जाईल. क्रूस कुठे जात नाही."

आणि ती हात खाली न घेता बसून राहिली.  कढईखालची लाकडं तेवढी तडतडत होती. तिचा हात दमला तेव्हा कान्चोने तो कोपरापाशी खालून धरला, ती त्याचा धरायची तसाच. ढग रेंगाळला, विरळ झाला, त्याची कड पांढुरकी झाली. आधी क्रुसाचा माथा दिसला, मग आडवी दांडी, मग खालचं टोक. तिचं बोट नेमकं त्याच्या मधोमध होतं.

म्हातारीने छातीवर क्रुसाची खूण केली. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग माळभर टाळ्या उसळल्या. कान्चोचा जीव भांड्यात पडला, आणि ते भांडं मीच होतो.

मग नेदा थांबलीच नाही. गाड्याच्या दांड्याचा बाक तसाच पुढे न्या, तांबूस तारा लागेल, ती म्हणाली. पश्चिमेची फट उघडली आणि तांबूस तारा लागला. ढगाच्या आड काय आहे ते ती आधी सांगे आणि ढग जणू तिच्या हुकमाची वाट पाहत बाजूला होई. माणसं आता ढगांसाठीच थांबली होती. रादोस्तिना एखाद्या पोरीसारखी टाचा उंचावून पाहत होती.

गर्दीतून ग्रूद्यो पुढे आला. दोन पेले झाले होते. "नेदा, ते सगळं खरं. पण कोंबडी कुठाय? माझी आजी कोंबडीची फार गोष्ट सांगायची. कोंबडी दाखव."

नेदाने मला जरासं फिरवून चाचपलं. "कोंबडी अजून खुराड्यात आहे, ग्रूद्योदादा. तुमच्या पोटातलं मटण जिरेल तेव्हा त्या दोन सुळक्यांच्या मधून वर येईल. थांबायचं तर थांबा."

लोक खो खो हसले आणि थांबले. घोंगड्या आल्या, पाव आला, कुणी गाणी म्हटली. ढग खोऱ्यात उतरून गेले आणि धर्मबापाचा पेंढा डोंगराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लख्ख सांडला. लोकांनी रांग लावली, एकेक जण माझ्याखाली बसला, वर हात घालून नेदाला विचारत राहिला. नांगर कुठे म्हणून एकाने विचारलं, तर उत्तर कान्चोने दिलं, "पहाटे. लवकर उठायची सवय असेल तर." त्याला स्वतःचंच नवल वाटलं असावं.

मध्यरात्र उलटली आणि दोन सुळक्यांच्या मधे तो इवलासा पुंजका चढला. सगळा माळ एकदम बोलायला लागला. नेदा माझ्याखाली होती.

"दिसतेय का रे?" तिने विचारलं.

"दिसतेय. पिलंही आहेत."

"किती?"

कान्चोने डोळे बारीक केले. "मला सहा दिसतात."

नेदाचं बोट माझ्या आत त्या बारीक खिळ्यांवरून फिरलं. "मला सात लागतात," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती गाडीत बसली नाही. कान्चोच्या खांद्यावर हात ठेवून ती डोंगर पायी उतरली, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत होती. कान्चोला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं.

पुढची वर्षं धावपळीची गेली. समुद्राकाठच्या एका अंधशाळेतून हंड्याची मागणी आली, मग आणखी एका गावातून. तांबट गल्लीत पुन्हा हातोड्याचे आवाज घुमायला लागले. कान्चो ठोकी, नेदा तपासी, आणि विंचवाची शेपटी आखूड राहिली तर परत करी. जिथे हंडा जाई तिथे शिकवायला नेदाही जाई, आगगाडीने, बसने, मिन्काला बरोबर घेऊन. मिन्का ताऱ्यांतलं काही शिकली नाही, पण रांग मोडणाऱ्यांना वठणीवर आणायचं काम तिने चोख केलं.

मला जिल्ह्याच्या संग्रहालयाने मागून घेतलं. उद्घाटनाला नेदा आणि मिन्का आल्या. नेदाने सवयीने हात पुढे केला आणि तो काचेवर आपटला. मला काचेच्या मोठ्या पेटीत ठेवलं होतं. शेजारी पाटी होती, हात लावू नये. मिन्काने ती वाचून दाखवली.

व्यवस्थापक भला माणूस होता. त्याने समजावलं की वस्तू मोलाची आहे, हजारो हात लागले तर खराब होईल.

"मग आभाळालाही काच बसवा," नेदा म्हणाली. तिने एक खुर्ची मागवली, पेटीसमोर मांडली आणि काच निघेपर्यंत इथेच बसते असं सांगितलं. मिन्काने पिशवीतून चीज भरलेल्या बानित्साचा डबा काढला आणि आलेल्या पाहुण्यांना एकेक तुकडा वाटत सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली, तिच्या पद्धतीने. संध्याकाळच्या आत काच निघाली. पाटीही निघाली.

आता मी त्याच संग्रहालयाच्या, वेधशाळेला लागून असलेल्या दालनात आहे, उघड्यावर, तिवईसकट. कान्चो आणि नेदा म्हातारे झालेत, पण वर्षातून एकदा मला बघायला येतात. तो दांड्याला तेल घालतो, ती एक फेरी मारून घेते. माझ्या पाठीवर काळसर झाक चढलीय. आतून मात्र वेगळंच झालंय. तांब्याला जिथे माणसाचं बोट लागत राहतं तिथे ते उजळतं. इतक्या बोटांनी चाचपून चाचपून माझा गाडा, माझा ध्रुव, माझी कोंबडी सोन्यासारखी लखलखायला लागलीय. हल्ली डोळस माणसंही आत डोकं घातल्यावर आधी गप्प होतात, कारण त्यांना आत खरोखरच रात्र दिसते.

फक्त काठाजवळ, खाली, काही बारीक तारे काळेच राहिलेत. तिथवर कुणी जात नाही. गाडा सापडला की लोक खूश होऊन उठतात. तेव्हा या बाजूला आलात तर या, आत बसा, घाई करू नका. आणि उठायच्या आधी एक बोट तिकडेही फिरवा. त्यांना उजळायला तेवढं पुरतं.